बाईचा खडक

बाटली निळ्या काचेची होती आणि तिच्यावर आमच्या गावचा खडक छापलेला होता. खडकावर एक बाई. लांब केस वाऱ्यावर, अंगावर शाल, तोंड समुद्राकडे. खाली सोनेरी अक्षरांत ‘कारिग ना म्रॉ’, म्हणजे बाईचा खडक, आणि त्याच्याखाली बारीक टायपात गोष्ट : ‘शेकडो वर्षांपूर्वी एका कोळ्याची बायको बुडालेल्या नवऱ्याची वाट बघत या खडकावर उभी राहिली, ती अखेरपर्यंत. तिच्या निष्ठेचा सुगंध या जिनच्या प्रत्येक घोटात आहे.’ शुक्रवारची दुपार होती, ऑफिसातले सगळे घरी जायच्या बेतात होते, आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या डर्वलानं ती बाटली माझ्या टेबलावर ठेवली. “तुझ्याच गावची गं, बार्ब्रा! विमानतळावर दिसली. म्हटलं, घेऊनच टाकू.” ती मनापासून खूश होती. मी लेबल वाचलं, पुन्हा वाचलं, आणि डोक्यात अशी तिडीक गेली की बाटली उचलून भिंतीवर फोडावी. फोडली नाही. “छान आहे,” असं म्हटलं. आम्ही आयर्लंडच्या पश्चिमेकडची माणसं असंच म्हणतो. घर पेटलं तरी आधी म्हणू, ऊब छान आहे. डर्वला कोट घालता घालता म्हणाली, “आणि हो, ही जिन बनवणाऱ्या पोराला खडकाशेजारी पाटी लावायचीय, ह्या गोष्टीसकट. नाव कुठून आलं ते कौन्सिलनं आपल्याला विचारलंय. तुझंच गाव, तूच निकालात काढ. चहा प्यायला लागतो तेवढा वेळ.” मग ती गेली. मी त्या बाईकडे बघत बसले. चित्रकारानं तिला सुंदर नाक दिलं होतं.

आमच्या ऑफिसचं कामच हे. इंग्रज मोजणीदारांनी आमच्या गावांची नावं कानाला लागतील तशी लिहून घेतली, त्यांची हाडं मोडली, आणि ती पुन्हा सांधायला सरकार मला पगार देतं. मला हे काम आवडतं, किंवा आवडायचं. आमच्या आयरिश भाषेत एखादी वस्तू माणसाची झाली की त्या माणसाच्या नावाची सुरुवात मऊ होते. ब्यार्तलाचं शेत म्हणायचं तर ‘ब’चा ‘व’ होतो. काहीतरी आपलं झालं की माणूस जरा नरम पडतो, तसं नावही पडतं. आमच्या गावात अशी मऊ पडलेली नावं पावलोपावली आहेत. ह्याचा डोह, त्याची कुरणपट्टी, अमक्याच्या बोटीची खाच. गाढवसुद्धा वगळलेलं नाही, गाढवाची खिंड आहे. आणि ह्या सगळ्यात एकच खडक असा, की जिथं नाव यायला हवं तिथं नुसती ‘बाई’ आहे. बायकांचा खडक असता तर शब्द वेगळा झाला असता. हा एकीचा आहे, ठरावीक एकीचा, ‘त्या’ बाईचा. कोळ्याची बायको असती तर कोळी आधी येऊन नावात बसला असता, आमच्या गावचे पुरुष नावातली जागा अशी सोडणारे नव्हेत. व्याकरण शिकणारं शेंबडं पोर हे सांगेल. पण माझा संताप व्याकरणाचा नव्हता. त्या बाईला नाव होतं. नाब्ला. माझ्या वडिलांची सख्खी बहीण, माझी आत्या. आणि गंमत बघा, ‘नाब्ला’ हे नाव असं आहे की त्याला काहीही देऊ केलं तरी ते बदलत नाही. नाब्लाचा खडक म्हणायला गावाला एक अक्षरदेखील वाकवावं लागलं नसतं. फुकटात झालं असतं. तेवढंही केलं नाही.

ट्राममध्ये बाटली मांडीवर होती. समोरची म्हातारी लेबलाकडे बघून हसली आणि म्हणाली, “वीकेंडची सोय झाली म्हणायची!” मी हसले. आईनं मला नाब्लाबद्दल सांगितलं ते बसस्टॉपवर. मी अठराची, डब्लिनला पहिल्यांदा निघालेली, आईनं सोडा-ब्रेड फडक्यात बांधून दिलेला, आणि बस वळणावर दिसायला लागल्यावर ती एकदम बोलायला लागली, जणू बस येण्याचीच वाट बघत होती. “तो खडक आहे ना, त्याला नाव तुझ्या आत्यावरून पडलंय. नाब्ला. पोटुशी राहिली. तुझ्या आजोबांनी बाहेर काढली. दिवसभर उभी होती तिथं, कुणी दार उघडलं नाही, मग फादरची मोटार आली आणि घेऊन गेली. तू नीट राहा.” बस थांबली. मी चढले. मला आत्या होती हे मला तेव्हा कळलं आणि तेवढ्यातच ती गेलीसुद्धा. त्यानंतर आई त्यावर चकार शब्द बोलली नाही. वडिलांना विचारायची माझी छाती झाली नाही, कारण वडील माझे फार लाडके होते, आणि शेवाळ गोळा करायला जाताना प्रत्येक दगडाचं नाव मला शिकवणारा हा माणूस त्या खडकापाशी आला की टोपी पुढे ओढून मुकाट चालायचा. मला वाटायचं, दुःख आहे. मी त्या दुःखाचा मान राखला. पुढे डब्लिनमध्ये शोधत शोधत मी तिच्यापर्यंत पोचले, म्हणजे तिच्या कबरीच्या दगडापर्यंत. अशा पोरींना कोंडून ठेवणारी, नन्सनी चालवलेली एक लॉन्ड्री होती, तिथं तिनं उभा जन्म दुसऱ्यांच्या चादरी धुतल्या. मूल कुठं गेलं ते कुणीच सांगितलं नाही. आणि आत आल्या आल्या पोरींची नावं बदलायची तिथली रीत असल्यामुळे दगडावर ओळीनं कोरलेल्या नावांत नाब्ला नाहीच. ‘बर्नडेट’ आहे. घरानं नाव काढून घेतलं, नन्सनी दुसरं चिकटवलं, गावानं ‘बाई’ म्हणून भागवलं. उरला तो खडक. त्यावर आता कोळ्याच्या बायकोची पाटी लागली की नाब्ला नावाची कुणी ह्या पृथ्वीवर होती याला काहीच आधार राहणार नाही. हे मला थांबवायचं होतं. बाकी मला काही नको होतं. बाटली मी ट्रामच्या सीटखाली ठेवली आणि उतरले. मागून म्हातारी हाका मारत होती, “अहो, बाटली राहिली!” मी वळले नाही.

आता कुणी म्हणेल, तुझ्याच हातात आहे, लिहून टाक. इथंच तर गोम आहे. आमच्या कामाचा एक नियम आहे आणि तो मीच नव्या पोरांना घोकून घेते : नाव आपण उच्चारायचं नाही. गावच्या जुन्या माणसाकडे जायचं, आवाज टिपायचं यंत्र चालू करायचं, बोटानं दाखवायचं आणि विचारायचं, ह्याला काय म्हणता? जे त्याच्या तोंडून येईल ते खरं. तुम्ही आधी बोललात की ते नाव बाटलं. मग गावातलं कुणीही ते म्हणालं तरी तो तुमचाच प्रतिध्वनी. त्यामुळे नाब्लाचं नाव गावातल्या कुणाच्या तरी तोंडून आपणहून यायला हवं होतं, आणि ज्याच्या तोंडून येईल असा एकच माणूस जिवंत होता : माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, फेहीनकाका. नाब्ला गेली तेव्हा तो घरात होता. शनिवारी मी पहाटेची बस धरली.

गॉलवेपर्यंतची बस म्हणजे आडवा अख्खा देश, आणि अख्खा देश हिरवा, आणि मला त्या हिरव्याचाही राग आला. रस्त्याकडेच्या प्रत्येक पाटीवर माझ्या हातचं किंवा माझ्या साहेबांच्या हातचं नाव होतं, वरती आमच्या भाषेत तिरकं, खाली इंग्रजीत ठसठशीत. उभं आयुष्य मी छोट्या चर्चांची, ओकच्या रानांची, कुठल्याशा संताच्या विहिरींची नावं दुरुस्त करत बसले. एका संताच्या नावातल्या एका मात्रेसाठी मी एका प्राध्यापकाशी भांडण घेतलं, ते अजून मिटलेलं नाही. आणि सख्ख्या आत्याचं नाव? त्याची वेळ आली नव्हती. कुणी विचारलं नव्हतं. आमच्या घरात कुणी विचारत नाही, म्हणून कुणी सांगत नाही, आणि ह्याला आम्ही समंजसपणा म्हणतो. वडिलांच्या मयताला अख्खं गाव रांगेनं आलं, प्रत्येकानं हातात हात घेतला, “वाईट झालं हो, वाईट झालं,” आणि त्या रांगेतल्या अर्ध्या म्हाताऱ्यांना नाब्ला ठाऊक होती. मी त्यांचे हात हातात घेत होते आणि मनात म्हणत होते, ह्यानं दार उघडलं नाही, हिनंही उघडलं नाही. मग त्यांना सँडविचं वाढली.

गावात उतरले तर समोर फिन्टन. हाच तो जिनवाला, आमच्या शेजारघरचा नातू, दाढी राखलेला, लोकरी टोपी घातलेला. “बार्ब्रा! पाटीसाठीच आलात ना? चला, आधी एक घोट घ्या.” मी म्हटलं, “ती गोष्ट कुठून आणलीस रे?” तो जरासा लाजला. “कुठून म्हणजे... अशाच असतात की गोष्टी. जाहिरातवाल्या मुलीनं लिहिली. खडक आहे, बाई आहे, समुद्र आहे. नवरा बुडायलाच हवा.” मी म्हटलं, “खरी वेगळी आहे.” “बरं मग सांगा की!” “एका पोरीला गावानं दार उघडलं नाही.”  तो डोकं खाजवत म्हणाला, “हे बाटलीवर नाही हो चालायचं.” आणि माझा चेहरा बघून घाईघाईनं, “रागावू नका. गावातली पोरं ऑस्ट्रेलियाला जायची थांबलीत ह्या जिनपायी. मी वाईट माणूस नाही.” वाईट नव्हताच. तेच तर. ह्यात कधीच कुणी वाईट नसतं. “कोण होती ती?” त्यानं विचारलं. “नाव काय तिचं?” आणि मी तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं आणि माझा पुरावा मातीत गेला असता. मी म्हटलं, “ते मला सांगता येत नाही.” माझ्या आजोबांच्या गावात, भर रस्त्यात, मीही ते नाव गिळलं. काय वाटलं सांगू? स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

फेहीनकाका स्वयंपाकघरात शेगडीपाशी बसला होता. तेच घर, तीच खिडकी, खिडकीतून तोच खडक. त्यानं लग्न केलं नाही, हे घर सोडून तो कधी कुठं राहिला नाही. चहा झाला. पाऊस, मेंढ्या, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं झालं. मी यंत्र टेबलावर ठेवलं, चालू केलं आणि अनोळखी माणसाला विचारावं तसं खिडकीतून बोट दाखवून विचारलं, “काका, त्याला काय म्हणता?”

“कशाला?”

“त्या खडकाला.”

त्यानं बघितलंही नाही. “समुद्रपक्ष्यांचा खडक.”

“आणि गाव काय म्हणतं?”

“गावाला काय, गाव काहीही म्हणेल. माझा बाप समुद्रपक्ष्यांचा म्हणायचा. मीही तेच म्हणतो. ते दुसरं मी जन्मात म्हटलेलं नाही.”

नियमाप्रमाणे इथं मी आभार मानून उठायला हवं होतं. उठले नाही. अंगाची लाही लाही होत होती. “लाज वाटते का काका तुम्हाला? एकेकाच्या बोलण्याची वाट बघत आलेय मी. बाबा न बोलता गेले, आई एकदाच बोलली आणि गेली, आता तुम्ही पक्षी उडवताय माझ्यासमोर! अख्ख्या गावानं एका पोरीला दिवसभर थंडीत उभी ठेवली, कुणी दार उघडलं नाही, वर चिडवायला खडकाला नाव दिलं, आणि तुम्ही त्या गावाची पाठराखण करताय?”

“गावानं?” त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. “तुला कुणी सांगितलं गावानं म्हणून?”

“आईनं.”

“तुझी आई लग्न होऊन नंतर आली पोरी. तिला आपल्या घरच्यांनी सांगितलं ते तिला ठाऊक.” कप त्यानं बशीत ठेवला, पुन्हा उचलला. “गावाची दारं उघडी होती. गावातल्या ब्यार्तलाची आई स्वतः खडकावर गेली, हात धरून ओढत होती तिला, चल म्हणून. ती हलली नाही. ती आपल्या दाराकडे बघत उभी होती. ह्या दाराकडे.”

मी खिडकीतून बघितलं. खरंच, त्या खडकावर उभं राहिलं की समुद्र पाठीशी येतो. मी लहानपणी शंभरदा उभी राहिले होते तिथं, आणि समोर नेहमी आमचंच घर दिसायचं.

“आमचा बाप जेवणाच्या टेबलाशी बसला होता,” काका म्हणाला. आता तो यंत्राकडे बघून बोलत होता, जणू ते तिसरं माणूस होतं. “म्हणाला, ते नाव ह्या घरात पुन्हा निघालं तर काढणारा तिच्यामागं जाईल. मग काय, नाव बंद. पण आई इथं, शेगडीपाशी. तिला तिकडं बघायची परवानगी नव्हती, आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. मग ती मॉर्तीनला विचारायची. तुझ्या बापाला. त्याला खिडकीशी बसवलेला. ‘बाई आहे का रे?’ असं विचारायची. नाव नाही ना घ्यायचं. आणि मॉर्तीन सांगायचा, ‘आहे. खडकावर आहे बाई.’ दिवसभर तेच. बाई बसली का? नाही, उभी आहे बाई. बापाला चालत होतं तसं. बाई म्हटलेलं चालत होतं त्याला.” त्यानं कप पुन्हा बशीत ठेवला. “नंतर दुकानात कुणीतरी विचारलं मॉर्तीनला, कुठून नेली रे तिला? तर म्हणाला, बाईच्या खडकावरून. तोंडात बसलेलं होतं त्याच्या. त्याच्या तोंडून गावानं उचललं. गावाला वाटलं, घरचेच असं म्हणतात तर आपणही म्हणावं, नाव घेतलं तर त्यांना लागेल. आम्हाला वाटलेलं, नाव घेतलं नाही की हळूहळू विसरायला होईल. नकाशावर चढलं ते.”

मला ऐकू येत होतं आणि आत काहीतरी ढासळत होतं. गावावर इतकी वर्षं सांभाळलेला माझा राग, जिनवाल्यावरचा, नन्सवरचा, मोजणीदारांवरचा, सगळा उलटा फिरून घरात शिरला आणि खिडकीशी बसलेल्या माझ्या बापासमोर जाऊन उभा राहिला. टोपी पुढे ओढून मुकाट चालणारा माझा बाप. दुःख नव्हतं ते, किंवा दुःखही असेल, पण ते नाव त्याचं होतं, त्यानं दिलेलं, आणि मला गावातला दगडन्‌दगड शिकवताना त्यानं तेवढाच एक वगळला. त्याच्या बोटाला धरून मी चालले होते. मोठी होऊन नावं जोडायचं काम पत्करलं ते त्याच्यामुळे, आणि त्याला त्याचा अभिमान होता, सगळ्यांना सांगायचा, “माझी पोर नावं दुरुस्त करते.” मला ओरडावंसं वाटलं, मग माझ्याकडे आणलंत का नाही बाबा हे, हे एक? पण तो कबरीत होता आणि कबरीवर त्याचं नाव व्यवस्थित, मात्रेसकट, मीच तपासून कोरून घेतलेलं होतं.

“नाव सांगा,” मी म्हटलं.

“कुणाचं?”

“नियम मोडायला लावू नका मला. तुमच्या तोंडून हवंय. तुमची बहीण होती. तिचं नाव सांगा.”

त्याचे ओठ हलले. जीभ टाळूला लागलेली मला दिसली, आणि तिथंच अडकली. त्याचा चेहरा लाल झाला. “नाही येत,” तो म्हणाला. “खरंच नाही येत गं. मी दहा वर्षांचा होतो.”

“आणि आता?”

त्यानं मान खाली घातली.

“तुमचा बाप मेला,” मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. “आई मेली. माझा बाप मेला. कोण बसलंय ह्या टेबलाशी ऐकायला? कोण हाकलणार आहे तुम्हाला? सगळे मेले काका, तुम्ही एकटे राहिलात आणि अजून जेवणाच्या टेबलाशी मान खाली घालून बसलाय!”

मला वाटलं आता तो रडेल, आणि मला ते नको होतं, रडणं तर आम्हाला सगळ्यांनाच छान जमतं. तो रडला नाही. तो उठला, खुर्चीला धरून, भिंतीला धरून, दाराशी गेला आणि दार सताड उघडलं. वारा आत आला, टेबलावरचे कागद उडाले. खडकावर कुणीतरी उभं होतं. पिवळा रेनकोट घातलेली एक पर्यटक बाई, फोन उंच धरून स्वतःचा फोटो काढत. काकानं दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि जेवायला हाक मारतात तशी, सुरात, शेवटचं अक्षर लांबवून हाक मारली.

“नाब्ला-आ! घरात ये!”

आवाज मोठा होता. त्या वाळक्या छातीत एवढा आवाज कुठं होता कोण जाणे. पिवळी बाई दचकली, इकडेतिकडे बघितलं, मग हसून आमच्याकडे हात हलवला. काकाही हात हलवायला लागला. ते मला बघवेना. त्याला असं सुटू द्यायची माझी तयारी नव्हती.

“ती नाही ती,” मी म्हटलं. “कुणी पर्यटक आहे. नाब्ला डब्लिनला मेली, चादरी धुता धुता, आणि तुमच्यातलं एकही माणूस तिला बघायला गेलं नाही.”

“ठाऊक आहे मला,” फेहीनकाका म्हणाला. त्यानं मागे वळून बघितलं नाही. “डोळे शाबूत आहेत माझे.” आणि त्यानं पुन्हा हाक मारली, आधीपेक्षा मोठ्यांदा.

पिवळी बाई खडकावरून उतरून चालायला लागली होती. रस्त्यावर फिन्टन थांबून आमच्या दाराकडे बघत होता, शेजारची दारं उघडली होती, माणसं बाहेर आली होती. काका दम घ्यायला थांबला. मी त्याच्याशेजारी उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. माझा राग कणभरही उतरला नव्हता, त्याच्यावरचा नाही, बापावरचा नाही, कुणावरचाच नाही. तिसऱ्या हाकेला मीही ओरडले, तिचं नाव घेऊन, घसा फाटेस्तोवर, रागानंच.